कोरियन मालिका, आमचं घर आणि लेकीचा एक प्रश्न

आमच्या घरात कोरियन मालिका आली ती इयरफोनमधून. इशाची नमाज आटोपली की लेक मोबाइल घेऊन पलंगाच्या कोपऱ्यात जाऊन बसायची. मध्येच हसायची, मध्येच ओढणीने डोळे टिपायची. नववीतली मुलगी, कानात काय चाललंय ते कळत नाही आणि चेहऱ्यावर मात्र सगळं उमटतंय. कोणत्या आईबापाला घोर लागणार नाही? आम्ही शाळेत दिवसभर वह्या तपासणारी माणसं. घरी आल्यावरही ती सवय सुटत नाही. एका शनिवारी म्हणालो, "बेटा, ते कानातलं काढ आणि टीव्हीवर लाव. आम्हालाही बघू दे." खरं सांगायचं तर बघण्यापेक्षा पकडण्याचाच इरादा जास्त होता.

पोरगी हुशार. काय लावायचं ते तिला बरोबर ठाऊक होतं. तिने 'रिप्लाय १९८८' लावली. सासूबाई तसबीह फिरवत पाठ करून बसल्या होत्या. "त्या चिनी लोकांचं काय बघता? सगळे एकसारखे दिसतात," एवढं म्हणून त्यांनी विषय संपवला.

सोल शहरातली एक गल्ली, पाच कुटुंबं, शहरात ऑलिंपिक भरलेलं ते १९८८ साल. पहिल्याच भागात संध्याकाळच्या जेवणाची वेळ होते आणि एकेका घरातली आई पोराच्या हातात भांडं देते, शेजारी देऊन ये म्हणून. पोरगा तिथून रिकाम्या हाताने परत येत नाही. त्या घरचं काहीतरी घेऊन येतो. मग तेही पुढे कुणाकडे तरी जातं. गल्लीत पोरं ताटं सांभाळत एकमेकांना ओलांडून धावताहेत, आणि शेवटी एक जण वैतागून म्हणतो की एवढं करण्यापेक्षा सगळे एकत्रच का जेवत नाही! सासूबाई वळून बसल्या. "हे तर आपल्या रमजानसारखं झालं," म्हणाल्या. मगरिबच्या अजानआधी आमच्याही गल्लीत हेच चालतं. इकडून भजी जातात, तिकडून फळांची चाट येते, आणि ताटावरचा रुमाल कुणाच्या घरचा होता हे ईदपर्यंत कुणालाच आठवत नाही.

त्या मालिकेतला बाप बँकेत नोकरीला आहे. मित्राला जामीन राहिला आणि कर्ज अंगावर आलं, म्हणून कुटुंब दुसऱ्याच्या घराच्या अर्ध्या तळघरात राहतं. मधल्या मुलीचा वाढदिवस मोठ्या बहिणीच्या वाढदिवसातच उरकून टाकतात. कोंबडीच्या तंगड्या दोन, त्या मोठीला आणि धाकट्या भावाला. एके दिवशी ती मुलगी सगळ्यांसमोर रडून मोकळी होते. आम्ही स्वतः चार भावंडांतले मधले. त्या रात्री दुसरा भाग लाव असं सांगणारे आम्हीच होतो.

पुढचे कित्येक शनिवार घरात एक वेगळीच शाळा भरली. सासूबाईंना इंग्रजी येत नाही, म्हणून लेक पडद्यावरच्या ओळी वाचून त्यांना उर्दूत सांगायची. एकदा एक मुलगा बापाशी बोलत होता आणि लेकीने त्याच्या तोंडी "तू" घातलं. सासूबाई ताडकन म्हणाल्या, "बापाला तू म्हणतो? बेअदब!" लेक गोंधळली, कारण इंग्रजीत तू, तुम्ही आणि आपण या तिघांना एकच शब्द. मग ती कान देऊन ऐकू लागली. दोन-तीन आठवड्यांत तिच्या लक्षात आलं की मोठ्यांशी बोलताना वाक्याच्या शेवटी "यो" येतो, दरबारात किंवा साहेबासमोर "निदा" येतं, आणि बरोबरीच्या मित्राशी बोलताना दोन्ही गळून पडतात. क्रियापदाच्या शेपटीतच सगळा लिहाज. मराठीच्या तासाला आदरार्थी बहुवचन शिकवताना आम्ही घसा कोरडा करतो. इथे पोरगी आपल्या आपण ते शोधून काढत होती. आता ती "आप" की "तुम" हे इंग्रजी ओळी न पाहताच ठरवते.

नात्यांचे शब्दही तसेच. बापाला "अप्पा", आईला "ऑम्मा". मुलीने मोठ्या भावाला "ओप्पा" म्हणायचं, मुलाने "ह्युंग". मोठ्या बहिणीला मुलगी "ऑन्नी" म्हणते, मुलगा "नूना". नात्यात नसलेल्या, वयाने थोड्या मोठ्या माणसालाही हेच शब्द लागतात, जसं आपण रिक्षावाल्याला भाई आणि शेजारणीला आपा म्हणतो. चप्पल दाराबाहेर, जेवण जमिनीवर बसून, वडीलधाऱ्यांनी पहिला घास घेतल्याशिवाय धाकट्यांनी चमचा उचलायचा नाही, मोठ्यांना काही देताना किंवा त्यांच्याकडून घेताना दोन्ही हात पुढे करायचे. सासूबाईंनी तेव्हापासून आमच्या मुलाला पाण्याचा पेला दोन हातांनी द्यायला लावलंय. अदब आपल्याकडेही आहे, पण मुलं ती परदेशातून आली की लवकर शिकतात, हे आमचं शाळेतलंही निरीक्षण आहे.

ही लाट अर्थातच आमच्या दिवाणखान्यात सुरू झालेली नाही. कोरियाच्या केबीएस वाहिनीची 'विंटर सोनाटा' २००२ ची. पुढच्याच वर्षी जपानच्या एनएचकेने ती दाखवली आणि तिथे नायक बे योंग-जूनसाठी जीव टाकणाऱ्या कोण होत्या, तर चाळिशी-पन्नाशीतल्या गृहिणी. त्याच्या नावापुढे त्यांनी "सामा" हा जपानीतला मोठ्या आदराचा प्रत्यय लावला होता. हे वाचल्यावर आम्हाला जरा धीर आला. २००३ मध्ये सुरू झालेली ५४ भागांची 'दे जांग गम' ही राजवाड्याच्या मुदपाकखान्यातून राजाची वैद्य झालेल्या एका मुलीची गोष्ट इराणमध्ये घरोघरी पाहिली गेली. आपल्या दूरदर्शननेही ती हिंदीत दाखवली होती. आणि आपल्या देशात या मालिकांचं पहिलं मोठं घर म्हणजे मणिपूर. २००० साली तिथल्या एका बंडखोर संघटनेने हिंदी सिनेमांवर बंदी घातली. मोकळी झालेली जागा कोरियाच्या आरिरांग वाहिनीने आणि बाजारात मिळणाऱ्या सीडींनी भरून काढली. आमच्या शाळेतल्या मुली आज जे केस आणि कपडे करताहेत, ते इंफाळच्या मुलींनी वीस वर्षांपूर्वी करून झालं आहे.

आम्हाला या मालिका का रुचल्या याचा विचार करताना एक जुनी गोष्ट आठवली. आमच्या लहानपणी शेजारच्या घरी व्हिडिओ कॅसेट भाड्याने आणून 'तन्हाईयाँ' आणि 'धूप किनारे' पाहिल्या जायच्या. हसीना मोईन यांनी लिहिलेल्या या पाकिस्तानी मालिका. मोजके भाग, गोष्ट संपली की मालिका संपली. मेलेली सासू चेहरा बदलून परत येत नाही, एकच थप्पड तीन बाजूंनी तीनदा दाखवली जात नाही. कोरियन मालिकाही बहुधा सोळा नाहीतर वीस भागांत आटपते. लिहिणाऱ्याला शेवट आधीपासून माहीत असतो, आणि ते पाहणाऱ्याला जाणवतं. दुसरं म्हणजे हया. टीव्हीसाठी बनलेल्या कित्येक मालिकांत नायक-नायिकेचा हातात हात यायला अर्धी मालिका जाते, आणि तेवढ्यानेच घरातल्या तिन्ही पिढ्या एकदम सावरून बसतात.

सगळंच असं गोड नाही, हेही सांगायला हवं. ओटीटीसाठी निघालेल्या नव्या मालिकांत रक्तपात आणि उघडेपणा दोन्ही वाढलंय. आमच्या घरी रिमोट मोठ्यांकडेच असतो. दारू तर पावलोपावली. सुख झालं सोजू, दुःख झालं सोजू, नोकरी लागली, नोकरी गेली, हिरवी बाटली समोर. गंमत अशी की कोरियाच्या टीव्हीवर कुणी सिगारेट ओढत असेल तर ती धूसर करून दाखवतात; बाटली मात्र लख्ख. हे लेकीनेच आम्हाला दाखवलं. मग चेहऱ्यांचा प्रश्न. सगळ्यांची कातडी काचेसारखी. आमच्या सावळ्या, गोड मुलीने एकदा आरशात बघून सुस्कारा सोडला, तेव्हा मालिकेपेक्षा त्या सुस्काऱ्याची जास्त चिंता वाटली. तिथे सौंदर्यासाठी चेहऱ्यावर शस्त्रक्रिया करून घेणं किती सर्रास आहे, हे तिला त्याच दिवशी सांगितलं.

शिक्षक म्हणून आमच्या मनाला सगळ्यात लागली ती २०१८-१९ ची 'स्काय कॅसल'. मुलांना वैद्यकीय शाखेत प्रवेश मिळावा म्हणून श्रीमंत घरांतल्या आया काय काय करतात त्याची ही कथा. तिथे बारावीनंतरच्या प्रवेशपरीक्षेच्या दिवशी इंग्रजीच्या श्रवणचाचणीच्या वेळेत विमानांची उड्डाणं थांबवतात. क्लासवाल्यांनी मुलांना रात्री किती उशिरापर्यंत बसवावं याला धरबंध राहिला नाही, तेव्हा सोलमध्ये रात्री दहानंतर क्लास बंद ठेवायचा नियम करावा लागला. कोटा आणि लातूरला मुलं पाठवणाऱ्या पालकांनी ही मालिका मुलांना शेजारी बसवून पाहावी. आम्ही पाहिली, आणि त्या महिन्यात लेकीला गुणांबद्दल एक अक्षर बोललो नाही. पुढच्या महिन्यात बोललो, ते जाऊ द्या.

नूडल्सचा किस्सा प्रत्येक घरात झाला असेल. पडद्यावर पिवळ्या भांड्यातून वाफाळत्या रामयॉनचे घास उचललेले दिसले की मुलांच्या तोंडाला पाणी सुटतं. बाजारात पाकिटं मिळतात, पण कित्येकांच्या मसाल्यात डुकराचा किंवा हलाल नसलेल्या गोमांसाचा अर्क असतो. काही पाकिटांवर कोरिया मुस्लिम फेडरेशनचा हलाल शिक्का असतो. लेक आता किमतीच्या आधी पाकीट उलटून बारीक अक्षरं वाचते. दुकानदार कंटाळतो, आम्ही कंटाळत नाही.

एकदा मात्र घरात वाद झाला. एका मालिकेतली वकील नायिका बघून लेक म्हणाली, "अम्मी, मला हिच्यासारखं व्हायचंय." अब्बांना ते आवडलं नाही. आपल्याकडे आदर्श स्त्रियांची वाण आहे का, असं त्यांचं म्हणणं. आम्हाला इराणची गोष्ट आठवली. 'ओशिन' ही एनएचकेची जपानी मालिका, १९८३-८४ ची, २९७ भागांची. गरीब शेतकऱ्याची सात वर्षांची मुलगी तांदळाच्या एका पोत्याच्या बदल्यात परक्या घरी कामाला जाते आणि तिथून आयुष्यभर झगडत वर येते. युद्धाने पोळलेल्या इराणमध्ये ती इतकी पाहिली गेली की तिच्या सासरच्या तानोकुरा या नावावरून जुन्या कपड्यांच्या बाजाराला लोक "तानाकुरा" म्हणू लागले. १९८९ मध्ये हजरत फातिमा (रजि.) यांच्या जन्मदिनी तिथल्या रेडिओवर स्त्रियांना त्यांचा आदर्श विचारला गेला, आणि एकीने ओशिनचं नाव घेतलं. आयतुल्ला खोमेनी संतापले. कार्यक्रम करणाऱ्यांना शिक्षा फर्मावल्या गेल्या, नंतर माफी मिळाली. आम्ही हे सगळं अब्बांना सांगितलं आणि विचारलं की त्या बाईने ओशिनचं नाव का घेतलं असेल. थोडा वेळ ते गप्प राहिले. मग म्हणाले, ओशिनची गोष्ट तिला कुणीतरी रोज संध्याकाळी रंगवून सांगितली होती. फातिमांची बहुतेक फक्त व्याख्यानात ऐकवली होती. त्या आठवड्यापासून ते स्वतः जेवणानंतर मुलांना हजरत खदीजा (रजि.) यांच्या व्यापाराच्या, हजरत आयेशा (रजि.) यांच्या इल्मच्या गोष्टी सांगू लागले. वकील नायिकेलाही त्यांनी परवानगी दिली. त्या मालिकेतला खटला मात्र ते आमच्याआधी येऊन बसून बघतात.

आता त्या प्रश्नाकडे येतो.

२०२३ च्या उन्हाळ्यात आलेली 'किंग द लँड' ही हॉटेलच्या पार्श्वभूमीवरची हलकीफुलकी मालिका लेकीची लाडकी होती. सातव्या भागात एक अरब शहजादा येतो. नाव समीर. पहिल्यांदा दिसतो तोच मद्याच्या अड्ड्यावर, बायकांच्या गराड्यात. मग पैशाचा माज आणि नायिकेच्या मागे लागणं. बाकी सगळ्या पात्रांना मन होतं, घर होतं, आईबाप होते. याला फक्त डोक्यावरचा रुमाल आणि खिसा. लेकीने टीव्ही थांबवला. "अम्मी, आपण त्यांचं एवढं बघतो. ते आपल्याला असं बघतात का?"

उत्तर तयार नव्हतं. जगभरातल्या मुस्लिम प्रेक्षकांनी तेव्हा आवाज उठवला होता. आधी निर्मात्यांनी सगळं काल्पनिक असल्याचं सांगितलं, मग माफी मागितली. ही पहिली वेळही नव्हती. २०१७ मध्ये एमबीसी वाहिनीने एका काल्पनिक अरब राज्याची मालिका काढली, तिच्यात हिजाब आणि कुरआनबद्दलचा बेपर्वाईचा तमाशा बघून लोक भडकले, आणि वाहिनीला कोरियन, इंग्रजी आणि अरबी अशा तीन भाषांत माफी मागावी लागली.

मजा अशी, की तो शहजादा झालेला नट आपल्या दिल्लीचा, अनुपम त्रिपाठी. २०१० साली तो नाट्यशिक्षणासाठी कोरियाला गेला. २०२१ च्या 'स्क्विड गेम'मधला पाकिस्तानी मजूर अली तोच. ती मालिका मुलांची नव्हे. आम्ही दोघांनी ती मुलं झोपल्यावर, बराच भाग पुढे ढकलत पाहिली. पण अलीची गोष्ट लेकीला सांगितली. कारखान्याचा मालक त्याची मजुरी देत नाही, हाताची बोटंही तिथेच गेलेली. खेळात भेटलेला एक शिकलेला कोरियन त्याला म्हणतो, मला साहेब म्हणू नकोस, ह्युंग म्हण. अली त्याला मोठा भाऊ मानतो, आणि हा मोठा भाऊच गोट्यांच्या खेळात त्याच्या थैलीत खडे भरून त्याला मरणाच्या दारात सोडतो. ज्याने हे लिहिलं त्याला परक्या मजुराचं काय होतं ते ठाऊक होतं, आणि "ह्युंग" शब्दाची किंमतही. तोच देश, तोच नट, मधे दोन वर्षं.

मग लेकीला पडद्याबाहेरचंही सांगितलं. सोलच्या इतेवॉन भागात १९७६ मध्ये उघडलेली मोठी मशीद आहे, तिची जागा कोरियाच्या सरकारने दिली. कोरियन युद्धात आलेल्या तुर्की फौजेबरोबर इमाम होते, त्यांच्यामुळे तिथल्या काही लोकांनी इस्लाम स्वीकारला. पण देगू शहरात विद्यापीठाजवळ परदेशी मुस्लिम विद्यार्थ्यांनी मशीद बांधायला घेतली तेव्हा शेजाऱ्यांनी विरोध केला आणि २०२१ मध्ये काम थांबलं. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मशिदीच्या बाजूने निकाल दिला, तरी बांधकामासमोर डुकरांची मुंडकी आणून ठेवली गेली. पुढच्या वर्षी तिथल्या राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने हा द्वेषाचा प्रकार असल्याचं स्पष्ट म्हटलं. लेक म्हणाली, "म्हणजे 'रिप्लाय १९८८'ची गल्ली खोटी?" खोटी नाही, पण त्या गल्लीत ताट घेऊन जायला आपल्याला दार उघडेल की नाही हे सांगता येत नाही, असं आम्ही म्हणालो. शहरात भाड्याचं घर शोधताना नाव सांगितल्यावर पलीकडचा फोन बंद झाल्याचा अनुभव आम्हालाही आहे आणि तिलाही तो माहीत आहे.

इतका वेळ सासूबाई ऐकत होत्या. तसबीह थांबवून त्या म्हणाल्या, "पहिल्या दिवशी मी काय म्हणाले होते गं? सगळे चिनी एकसारखे दिसतात म्हणून."

लेक हळूच हसली. "हो दादी. तेव्हा तुम्हाला दोक-सनची आई आणि शेजारीणसुद्धा वेगळ्या ओळखू येत नव्हत्या."

"आता येतात," सासूबाई म्हणाल्या.

आम्हाला मात्र नाक्यावरच्या सलूनमध्ये काम करणारा मुलगा आठवला. मणिपूरचा की मिझोरामचा, आम्ही कधी विचारलं नव्हतं. सगळा मोहल्ला त्याला "चिंकी" म्हणून हाक मारतो, आमचा मुलगाही. दुसऱ्या दिवशी मुलाला केस कापायला नेलं तेव्हा त्याचं नाव विचारलं. तो इंफाळचा निघाला. लेकीच्या आवडीच्या मालिका त्याच्या आईने किती वर्षांपूर्वी सीडीवर पाहिल्यात ते त्याने कात्री चालवता चालवता सांगितलं.

'किंग द लँड' लेकीने अर्ध्यात सोडली नाही, पूर्ण केली. सुट्टीत तिच्या खालाच्या मुली आल्या तेव्हा त्यांनाही दाखवली. सातव्या भागाआधी टीव्ही थांबवून तिने त्यांना समीर शहजाद्याचं सगळं प्रकरण सांगितलं, माफीसकट. आम्ही स्वयंपाकघरातून ऐकत होतो. आम्ही सांगितलं होतं त्यापेक्षा तिने ते थोडक्यात आणि नीट सांगितलं.

सध्या आमच्याकडे 'दे जांग गम' चालू आहे. सासूबाईंच्या आग्रहाने. लहानगी जांग गम पदार्थ चाखून त्यात कोणतं फळ घातलंय ते ओळखते, आणि कसं कळलं असं विचारल्यावर, चव तशी लागली म्हणून तसं म्हणाले, असं सांगते. हा प्रसंग त्यांनी दोनदा लावायला लावला. त्या स्वतः बिर्याणीच्या वासावरून मीठ सांगतात. या जांग गम नावाच्या वैद्य बाईचा उल्लेख जोसॉन राजवटीच्या जुन्या बखरींत खरोखर आहे, हे सांगितल्यापासून तर त्यांच्या लेखी ही मालिका राहिली नसून इतिहासाचा तास झाला आहे. अडचण एकच. रमजानचा चंद्र दिसला की आमच्याकडे टीव्हीवर चादर पडते ती ईदपर्यंत उचलली जात नाही, आणि अजून तेवीस भाग बाकी आहेत. काल सासूबाईंनी लेकीला विचारलं, "रात्री एकाऐवजी दोन लावले तर बसतात का गं?" लेक वहीच्या मागच्या पानावर हिशेब करत बसली आहे.